माझ्या अंगणात उतरलेली पऱ्हाटी

समस्त ग्रामस्थ, त्यांचे पाहुणे, गाडी ओढणारे दोन्ही बैल आणि ज्यांनी घाईघाईनं नवे कपडे शिवायला टाकले होते अशा सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, यंदा कापूस संपल्यावर बेला गावातल्या एका पन्नाशी उलटलेल्या विधुराच्या अंगणात जी गाडीभर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, उतरली, ती लग्नाच्या स्वयंपाकासाठी नव्हती. ती पाण्यातून औषध काढण्यासाठी होती. सदर विधुर त्या वेळी पूर्ण शुद्धीत होता. सदर पऱ्हाटी आता शिल्लक नाही. सबब कोणीही चौकशीला येऊ नये.

खरं म्हणजे यावं. पण ते जाहीर निवेदनात लिहिता येत नाही.

सदर विधुर म्हणजे मी. आदिलाबादच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. सकाळी मोटारसायकल काढतो, संध्याकाळी परत येतो. वर्गातली काही पोरं तेलुगूत कुजबुजतात, काही मराठीत, आणि मी दोन्ही भाषांत त्यांना गप्प बसवतो. तिथे माझा आवाज चालतो. घरी आल्यावर तो कुठे ठेवायचा, ते मात्र बायको गेल्यापासून मला समजलेलं नाही. कुलूप काढताना मी मोठ्यानं म्हणतो, "महाराज पधारत आहेत." फ्रीज गुरगुरतो. एवढाच दरबार. मग मी कणीक मळता मळता स्वतःलाच कॉलेजातल्या बातम्या देतो, त्यांवर स्वतःच टिप्पणी करतो, आणि पोळी करपली की तिचं श्रद्धांजलीपर भाषण करतो. मुलगा पुण्याला असतो. रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो, मी जेवलो म्हणतो, आणि मग फोन आधी कोण ठेवतो याची आम्ही दोघंही वाट बघतो.

दिवसातलं खरं बोलणं व्हायचं ते भिंतीवर. माझ्या आणि शेजारच्या घरामध्ये छातीएवढी भिंत आहे. पलीकडे ज्या बाई राहतात त्या मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, कारकून आहेत. त्यांचेही यजमान फार पूर्वी गेले. संध्याकाळी ऑफिसातून आल्या की त्या वांग्याटमाट्याच्या झाडांना पाणी घालायच्या, आणि त्याच वेळी मला अंगणात काहीतरी अत्यंत निकडीचं काम निघायचं. कधी मोटारसायकल पुसायची, कधी नुसतंच आकाश तपासायचं.

"सर, तुमच्या कुकरनं आज काऊन एवढ्या शिट्ट्या मारल्या?"

"डाळ शिजत नव्हती."

"मग डाळीविरुद्ध लेखी द्या. तोंडी दरखास्त आमच्याकडे चालत नाई."

"लेखी दिली तर जवाब कधी मिळेल?"

"साहेब दौऱ्यावर हायेत. तोवर डाळ कच्चीच खा."

एवढं बोलून त्या नळ बंद करायच्या आणि आत जायच्या. मी ते बोलणं घेऊन आत यायचो आणि पोळीला सांगायचो. असे दिवस चालले होते, आणि मी त्यांना वाईट म्हणत नव्हतो.

आता पऱ्हाटीकडे येतो.

बायकोच्या गोळ्यांचा एक स्टीलचा डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर होता. तापाच्या, दुखण्याच्या, अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या. घर आवरायला काढलं की मी सगळं आवरायचो, फक्त तो डबा पुसून परत ठेवायचो. एकदा मनाचा हिय्या केला आणि डबा घेऊन घरामागच्या नाल्यापर्यंत गेलो. तिथे उभा राहिलो आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. ही गोळी पाण्यात पडली की विरघळते, पण नाहीशी होत नाही. माणसानं गिळली तरी तिचा काही भाग शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि सांडपाण्याबरोबर वाहत जातो. बैलाला टोचलेलं औषधही तसंच. नाला ओढ्याला मिळतो, ओढा नदीला, आणि त्याच पाण्यावर पुढचं गाव भात शिजवतं. साधी गाळणी त्याला अडवत नाही, उकळून ते जात नाही. मी डबा घेऊन परत आलो. बायकोच्या गोळ्या कोणा परक्याच्या भातात जाणं मला बरं वाटेना.

औषध धरून ठेवणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे नीट तयार केलेला कोळसा. लाकडाला आम्लात भिजवून, हवा लागू न देता तापवलं की त्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य बिळं पडतात. औषधाचे कण त्या बिळांत शिरतात आणि बाहेर यायचं विसरतात. नारळाच्या करवंटीचा असा कोळसा बाजारात मिळतो. पण आमच्याकडे करवंट्या कुठल्या. आमच्याकडे आहे पऱ्हाटी. बोंडं वेचून झाली की कपाशीची वाळकी झाडं शेतात उभी राहतात, पुढच्या पेरणीआधी ती उपटायची आणि बांधावर जाळायची. उन्हाळ्याच्या तोंडाला बेल्याच्या चहूबाजूंनी धूर उठतो तो तिचाच. मी कॉलेजात मूठभर काड्यांवर करून पाहिलं आणि लक्षण बरं दिसलं. तेव्हा ठरवलं, हा डबा आपण असा रिकामा करायचा. एकेक गोळी पाण्यात विरघळवायची आणि कोळशानं ते पाणी परत स्वच्छ करायचं. एकट्या माणसाला संध्याकाळी करायला याहून बरं काम मला सुचलं नाही.

चुलतभावाला फोन केला. तो शेती करतो, माझ्याहून थोरला, मी त्याला दादा म्हणतो.

"दादा, मले पऱ्हाटीचे दोन भारे पायजे होते."

"काऊन? गॅस संपला का?"

"नाई, कोळसा करायचा हाय."

"बरं, आणतो." मग म्हणाला, "पण दोन भाऱ्यांसाठी गाडी जुपली त बैल हासतील मले."

बैलांची लाज राखायला त्यानं गाडी भरली. माथ्यावर दोर आवळून, दोन्ही बाजूंनी झुलेल इतकी. मी कॉलेजात असताना ती गाडी भर दुपारी सगळ्या गल्लीतून करकरत गेली आणि माझ्या दारात उतरली. संध्याकाळी आलो तर अंगणात ढीग, ढिगावर हळदीकुंकू, आणि ढिगाशेजारी समोरच्या घरातली म्हातारी बोटं पदराला पुसत उभी.

इथे परगावच्या वाचकासाठी थांबायला हवं. आमच्या गल्लीत घरोघरी गॅस आहे. रोजच्या स्वयंपाकाला आता कोणी सरपण साठवत नाही. त्यामुळे गाडीभर सरपण दारापुढे उतरलं तर त्याचा अर्थ एकच राहिला आहे. त्या घरी लग्न आहे, अंगणात चुली मांडल्या जाणार, मोठी भांडी चढणार. पत्रिका नंतर छापतात, सरपण आधी येतं. आणि त्यातला पहिला भारा सोडायच्या आत घरच्या बाईनं ढिगाला हळदीकुंकू लावायचं असतं.

"आजी, हे काय केलं?"

"तुयी माय असती त तिनं लावलं असतं. कोणी त लावाव लागते ना."

मी तिला समजावलं. म्हटलं, याचा कोळसा करायचा आहे आणि त्या कोळशानं पाण्यातलं औषध काढायचं आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या दंडावर थापटलं.

"लाजू नको रे मास्तर. या वयात लाजाव लागत नसते."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरी माणसं येऊ लागली. हे मी किती जपून लिहितो आहे ते वाचकानं पाहावं. माझ्या घरी. माणसं. फाटक वाजायचं आणि मी दचकायचो, कारण तो आवाजच विसरलो होतो. येणारा आधी ढिगाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग चपला काढून आत यायचा. वरच्या फडताळातल्या कपबशा खाली काढाव्या लागल्या. त्यांच्यावरची धूळ धुताना मी गात होतो असं मला आठवतं.

"मग मास्तर, कुठली हाय म्हनता?"

"कोण?"

"बस झालं आता. निर्मल गावची हाय, असं आईकलं."

"मी तर नार्नूरची आईकली," दुसरा म्हणायचा. "जमीनवाली हाय म्हने."

मी नाकारायचो. छातीवर हात ठेवून नाकारायचो, उभा राहून नाकारायचो, रसायनशास्त्राचा पूर्ण धडा देऊन नाकारायचो. पण नवरदेव नाकारतोच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय मी चहा ओतत नाकारत होतो, बसा बसा म्हणत नाकारत होतो. इतक्या खुशीत खरं बोलणारा माणूस कोणाला पटणार. दादा आला तेव्हा भिंतीला टेकून खूप वेळ हसला आणि म्हणाला, "मले कोळसा सांगतं. माया बैलाले बी समजलं."

घर बोलत होतं. फ्रीजचा आवाज ऐकू येत नव्हता. मी रोज खरंच सांगत होतो, आणि ते कोणाला पटू नये असं मनातून वाटत होतं.

मग एका संध्याकाळी समोरची म्हातारी आली, खुर्ची भिंतीकडे सरकवून बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, "आमाले समजलं बरं का."

"काय समजलं?"

"ती साऱ्या गल्लीले भाऊ म्हनते. माया पोराले भाऊ म्हनते, दूधवाल्याले भाऊ म्हनते, पोस्टवाल्याले दादा म्हनते. तुलेच तेवढं सर." तिनं भिंतीपलीकडे हनुवटी उडवली. "एका तोंडानं सर म्हनाव अन् भाऊ नाई, ते काऊन?"

मी इतक्या वर्षांत ते मोजलंच नव्हतं. बाई मला भाऊ म्हणत नव्हत्या, हे खरं होतं. सर तर मला आख्खं आदिलाबाद म्हणतं. पण गल्लीत नातं लावल्याशिवाय कोणी कोणाला हाक मारत नाही, आणि ज्याला नातं लावलं नाही त्याची जागा मोकळी आहे, असा गल्लीचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात गेलो. पलीकडे कोणी नव्हतं. झाडांखालची माती ओली होती. म्हणजे पाणी सकाळीच, मी निघून गेल्यावर, घातलं होतं. तिसऱ्या दिवशी तसंच. मी मोटारसायकल पुसली, पुन्हा पुसली. आकाश तपासलं. पलीकडे दिवा लागला, खिडकी बंद झाली.

चहाला माणसं येत होती आणि मी त्यांच्याकडे बघतही नव्हतो. आता त्यांच्या गमतीत एक माणूस ओढलं गेलं होतं. मला काय, मला पोरं हसली तरी मी त्यांना बाकावर उभं करीन. बाईंना मात्र रोज मंडल ऑफिसात टेबलामागे बसायचं होतं. दाखल्याला, पट्ट्याला, नकलेला सारं बेला गाव त्यांच्यासमोर येऊन उभं राहतं. प्रत्येक जण कागद पुढे करताना तोंडाकडे बघून हसत असणार. माझ्या एका गाडीपायी त्यांचं नाव चहाबरोबर फिरत होतं, आणि माझी संध्याकाळ गेली होती. दोन्ही परत मिळवायचं तर ही बातमी मरायला हवी होती.

मी आता गंभीर चेहऱ्यानं नाकारू लागलो. त्याचा अर्थ लोकांनी लावला की मुहूर्त जवळ आला.

तेव्हा मला कळलं की जोवर अंगणात ढीग आहे तोवर माझ्या बोलण्याला किंमत नाही. ढीग संपवायला हवा आणि तो कशासाठी होता ते सगळ्यांना डोळ्यांनी दाखवायला हवं.

कॉलेजला सुटी टाकून मी कामाला लागलो. कोयत्यानं काड्या बोटभर तोडल्या, सौम्य केलेल्या आम्लात भिजवल्या, उन्हात वाळवल्या. तेलाच्या रिकाम्या पिप्यात दाबून भरल्या, झाकणाच्या कडा चिखलानं लिंपल्या, धूर निघायला खिळ्याएवढं भोक ठेवलं. मग अंगणात उरलेल्या पऱ्हाटीतल्या एका भाऱ्याचा जाळ केला आणि पिपा त्यात ठेवला. पऱ्हाटी जाळायची, आत पऱ्हाटीचाच कोळसा व्हायचा. झाकणाच्या भोकातून आधी पांढरा धूर आला, मग त्याला बारीक ज्योत लागली, मग ती विझली. थंड झाल्यावर उघडलं. काळ्या कुळकुळीत काड्या, बोटानं दाबल्या तर मोडणाऱ्या. खलबत्त्यात कुटल्या, दोन पाण्यांनी धुतल्या.

परीक्षा अशी होती. बायकोच्या डब्यातली तापाची गोळी कोमट पाण्यात विरघळवायची, गाळायची. त्या पाण्यात लोखंडाच्या एका क्षाराचे थेंब टाकले की ते जांभळं होतं. तो क्षार कॉलेजात असतो. जांभळं म्हणजे औषध आहे. तेच पाणी कोळशात घुसळून, गाळून, पुन्हा थेंब टाकायचे. जांभळं झालं नाही म्हणजे कोळशानं औषध धरलं.

जांभळं झालं नाही. मी अंगणातच एक फेरी नाचलो.

मग मास्तर पुन्हा जागा झाला. त्या साफ झालेल्या पाण्यात मी मुद्दाम नवीन गोळीचं पाणी ओतलं आणि पुन्हा थेंब टाकले. आता तर जांभळं व्हायलाच हवं होतं. तरी झालं नाही. म्हणजे कोळशानं काही केलंच नव्हतं. दोन पाण्यांनी आम्ल जातं कुठे. ते कोळशाच्या अंगात राहिलं होतं, पाण्यात उतरलं होतं आणि रंग उमटूच देत नव्हतं. माझा विजय आळसातून आला होता.

एवढी बहारीची फजिती, आणि सांगायला कोणी नाही. भिंतीपलीकडे ही गोष्ट सांगितली असती तर लगेच जवाब आला असता, "तुमचा कोळसा फितूर निघाला सर, त्याचा पंचनामा करा." मी तो जवाब स्वतःच मोठ्यानं म्हणून पाहिला. माझ्या आवाजात तो शोभला नाही.

मग धुणं सुरू केलं. बोअरचं पाणी संपलं तर शेवटी कॉलेजातून शुद्ध पाण्याचे कॅन आणले. निळा कागद बुडवायचा, तो लाल झाला की पुन्हा धुवायचं. दिवसभर मी आणि एक पातेलं. अखेर कागद निळाच राहिला. कोळसा वाळवला, परीक्षा पुन्हा घेतली. औषधाचं पाणी जांभळं. कोळशातून आलेलं स्वच्छ. त्यात नवीन औषध टाकलं, जांभळं. आता खरं झालं होतं. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "झालं." पलीकडचा नळ थेंबथेंब गळत होता. पुढचे काही दिवस मी तापाची एक गोळी राखून बाकीच्या एकेक करून अशाच पाण्यात संपवल्या, आणि त्यांच्यासाठी कोळसा करता करता अंगणातला ढीगही संपला.

समोरच्या म्हातारीला सांगितलं, रविवारी सकाळी सगळ्यांना बोलव, मला काही दाखवायचं आहे. ही माझी घोडचूक. "दाखवायचं आहे" हे तिनं आपल्या परीनं ऐकलं आणि घरोघर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, म्हणून निरोप दिला. रविवारी अंगण भरलं. बायका काठाच्या साड्या नेसून, दादा इस्त्रीच्या सदऱ्यात, कोणीतरी पेढ्यांचा पुडा घेऊन. राखेच्या जागी मी टेबल मांडलं होतं, टेबलावर काचेचे ग्लास आणि एक बरणी काळी भुकटी. बाई आपल्या बाजूला, भिंतीपाशी उभ्या होत्या. मी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळी गल्ली मागोमाग बघणार होती.

मी राखलेली गोळी विरघळवली. थेंब टाकले. पाणी जांभळं झालं तसा बायकांत हुंकार उमटला.

"कुंकवाचं पानी हाय का ते?" म्हातारीनं विचारलं.

"औषधाचं हाय आजी. पिऊ नये कोणी."

मग दुसऱ्या ग्लासात तेच पाणी कोळशात घुसळलं, गाळलं, थेंब टाकले. काही झालं नाही. काही न होणं हाच मोठा प्रसंग आहे हे लोकांना समजावताना मला घाम फुटला, पण समजलं त्यांना. दादानं ग्लास उजेडात धरून पाहिला.

"म्हंजे औषध कोळशात गेलं?"

"हो."

"अन् यासाठी पऱ्हाटी होती?"

"याचसाठी. पहिल्या दिवसापासून हेच सांगून राह्यलो." मी आवाज चढवला, कारण हे भिंतीपर्यंत पोचायला हवं होतं. "लग्न वगैरे काही नाही. कोणाचाही यात काही संबंध नाही. ज्यांना त्रास झाला त्यांची मी माफी मागतो. उद्यापासून हा विषय कोणी काढू नये."

पेढ्यांचा पुडा पिशवीत परत गेला. दादा नव्या सदऱ्याची कॉलर सैल करू लागला. म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून उठली, तशी बाकीची मंडळीही चपला शोधू लागली. मला माहीत होतं, आता फाटक लागेल आणि मग पुन्हा फ्रीज. पण बाईंना उद्या ऑफिसात मान वर करून बसता येईल. मी ग्लास धुवायला घेतले. तेवढ्यात भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. ऑफिसातला नव्हे, मी कधी न ऐकलेला, आणि साऱ्या गल्लीनं ऐकला इतका मोठा:

"मंग निर्मलले राहते त्या माया बहिणीले मी आता काय सांगू? सरांसंगं लगीन करशील का, इचारलं तिनं, अन् तिले त मी हो म्हणून बसली."